फॉर्म आपल्या हातानं

(अकोला आणि अमरावती इथं विद्यार्थ्यांसमोर केलेल्या दोन भाषणांतून जुळवलेला मजकूर. बोलण्याचं वळण तसंच ठेवलं आहे.)



आत येताना दारातच एका पोट्ट्यानं मला गाठलं. बारावी झालेला, हातात प्लास्टिकची थैली, थैलीत कागद. म्हणे, "काका, सरळ विद्यापीठातच बी.ए.ले नाव टाकता येते काय? कॉलेजात जायचं कामच नाही पडलं पाहिजे." म्हटलं, "काहून बा, कॉलेजनं काय केलं तुले?" तर म्हणे, "खिडकीवरचा बाबू म्हणते आधी पैसे भर, स्कॉलरशिप आली की घेऊन जाय. घरी पैसे नाहीत. म्हणून म्हटलं, मोठ्या साहेबाकडेच जावं."

आजचं माझं भाषण म्हणजे या पोट्ट्याला उत्तर. मला विषय दिला होता 'शिक्षण आणि क्रांती'. क्रांतीवर आपण संध्याकाळी बोलू. आधी याचा फॉर्म भरून होऊ द्या. ज्याचा फॉर्म राहिला त्याचं वर्ष गेलं, आणि आपल्या घरात वर्ष गेलं की पोरगा सेंट्रिंगच्या कामावर जातो, पोरगी नवऱ्याच्या घरी जाते. पैसेवाल्याच्या पोराचं वर्ष गेलं तर त्याला 'गॅप' म्हणतात. आपल्या पोराचं वर्ष गेलं तर त्याला काहीच म्हणत नाहीत. तो यादीतूनच निघून गेलेला असतो.

या पोराचा प्रश्न भाबडा वाटेल, पण तो मुळात बरोबर आहे. गावात पाटलानं अडवलं की आपला माणूस तहसीलात जातो, तहसीलात अडलं की कलेक्टरकडे जातो. मधल्याला ओलांडून वर जायचं ही आपली जुनी सवय आहे आणि चांगली सवय आहे. फक्त वर कोण बसलाय, त्याच्या हातात काय आहे आणि त्याच्याकडे जायची वाट कोणती, हे माहीत पाहिजे. ते माहीत नसलं की मधला माणूस आपल्याला आयुष्यभर फिरवत राहतो.

तर आधी ऐका, विद्यापीठ म्हणजे काय. आपलं अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला निघालं. पुढं त्याला संत गाडगे बाबांचं नाव दिलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम हे पाच जिल्हे त्याच्याकडे. तपोवनाकडच्या त्या मोठ्या आवारात तुम्ही गेलात तर तिथं शिकणारे बहुतेक एम.ए., एम.एस्सी.वाले भेटतील. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. शिकवायचं काम पाच जिल्ह्यांत पसरलेल्या संलग्न कॉलेजांचं. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा घेते, पदवी छापते. आणि पोराला आत घ्यायचं की नाही, त्याचा कागद कधी घ्यायचा, कसा घ्यायचा, हे कॉलेजच्या खिडकीवर ठरते. दुकान विद्यापीठाचं, गल्ल्यावर बसलाय संस्थाचालक.

आता संस्था कोणाच्या? ज्याच्याकडे सात-बारा त्याच्याकडे सोसायटी, ज्याच्याकडे सोसायटी त्याच्याकडे सूतगिरणी, आणि ज्याच्याकडे सूतगिरणी त्याच्याकडे कॉलेज. हे सगळ्यांना लागू नाही, हेही सांगतो. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, त्यातून वऱ्हाडातल्या कुणब्या-माळ्यांची, आपलीही कितीतरी पोरं शिकली. अंबादेवीच्या मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून ते उभे राहिले होते. हे नाकारायचं कारण नाही. पण ज्यानं दार उघडलं तो दारात बसून राहत नाही. पुढं दारात जे बसतात ते वेगळे असतात.

१९२७ हे साल ध्यानात ठेवा. मार्चमध्ये महाडचं चवदार तळं. नोव्हेंबरच्या १३ तारखेला इथं अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद, समोर अंबादेवीच्या मंदिराचा प्रश्न. एवढं आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पण त्याच वर्षी बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात नवे सभासद होते आणि तिथं मुंबई विद्यापीठाच्या कायद्यावर चर्चा चालली होती. त्यात ते उठून बोलले. उच्च शिक्षण गरजवंताच्या आणि गरिबाच्या दारापर्यंत नेऊन पोचवणं हे विद्यापीठाचं मूळ काम आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. त्याच्या तीन वर्षं आधी विद्यापीठ सुधारणा समितीलाही त्यांनी लेखी उत्तरं पाठवली होती. नुसत्या परीक्षा घेऊन पदव्या वाटणारं विद्यापीठ त्यांना मान्य नव्हतं.

तळं, देऊळ आणि विद्यापीठ. तीन दारं, एकच साल. तळ्याचं आणि देवळाचं आपण पुतळ्यापुढं दरवर्षी सांगतो. विद्यापीठाचं कोणी सांगत नाही, कारण त्यात फटाके वाजवण्यासारखं काही नाही. आणि आज शंभर वर्षं होत आली तरी चाल उलटीच आहे. विद्यापीठ गरिबाच्या दारी येत नाही, गरीबच थैली घेऊन दारोदार फिरतो.

आता माझं सांगतो. माझं म्हणून सांगत नाही, त्यात एक गोष्ट आहे म्हणून सांगतो.

मी १९८१ साली बारावी झालो. तेव्हा अमरावतीला विद्यापीठ नव्हतं. वऱ्हाडातली सगळी कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली. तालुक्याच्या कॉलेजात अर्ज दिला. कॉलेजचं नाव सांगत नाही, तुम्हाला प्रत्येकाला आपापलं आठवेल. बाबूनं कागद पाहिले न पाहिले आणि म्हणाला, "साक्षांकित प्रती आण." म्हणजे गॅझेटेड ऑफिसरची सही-शिक्का. आमच्या वस्तीत गॅझेटेड ऑफिसर कुठून येणार? सरकारी दवाखान्यात गेलो, डॉक्टर बाहेरगावी. दुसऱ्या दिवशी सही मिळाली, तर बाबू रजेवर. तिसऱ्या दिवशी म्हणे उत्पन्नाचा दाखला जुना आहे. नवा आणला तर म्हणे, "तारीख गेली. पुढच्या वर्षी ये." मी म्हटलं, मी तर पहिल्याच दिवशी आलो होतो. तो म्हणाला, "दाखव, काय पुरावा?"

आणि मित्रांनो, माझ्याकडे पुरावा नव्हता. तीन फेऱ्या मारल्या, तिन्ही वेळा कागद दिले, तिन्ही वेळा परत घेतले. एका चिटोऱ्यावरही कोणी लिहून दिलं नव्हतं की हा पोरगा अमुक तारखेला इथं आला होता. त्या ऑफिसच्या दप्तरात मी कधी गेलोच नव्हतो. त्यानं मला जातीवरून एक शब्द बोलला नाही. शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. त्यानं फक्त पावती दिली नाही.

एका मास्तरांनी सांगितलं, बाप्पा, कॉलेजशिवायही वाट आहे. बहिःस्थ म्हणून सरळ विद्यापीठाला अर्ज कर, घरी अभ्यास कर, परीक्षा दे. मायनं निंदणाचे पैसे काढून दिले. रात्रीच्या पॅसेंजरनं नागपूर गाठलं. अकोल्याहून अडीचशे किलोमीटर. खिडकीवर उभा राहिलो, फॉर्म घेतला, भरला, चलान भरलं, आणि पलीकडच्या माणसानं माझ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख टाकली आणि ती मला परत दिली. मान वर करून पाहिलंही नाही त्यानं. त्याला मी कोण, कुठला, काही घेणं नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणत्या तरी ऑफिसनं माझा कागद घेतला आणि बदल्यात मला कागद दिला. परतीच्या गाडीत ती प्रत मी चार वेळा वाचली.

तुम्ही हसाल, पण लोकशाही म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. दान नको, दया नको, ओळख नको. पावती पाहिजे.

आता आजचं बोलू. आज वाटा चार आहेत. वही काढा आणि लिहा, नुसते टाळ्या वाजवून घरी जाऊ नका.

पहिली वाट संलग्न कॉलेजची, आणि हीच या थैलीवाल्या पोराची वाट आहे. बाबू म्हणतो आधी पैसे भर. का भरायचे? अनुसूचित जातींच्या पोरांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे. तेव्हा बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, भांडून त्यांनी आपल्या पोरांच्या शिक्षणाला पैसा मिळवला. आज घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असलं तर ती मिळते. २०२१ पासूनच्या नियमांत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के असा हिशेब आहे, आणि पैसा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो. त्याच नियमांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. म्हणजे आगाऊ फी न भरता प्रवेश घ्यायचा, आणि पैसा खात्यात आला की कॉलेजची फी कॉलेजला द्यायची. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असलं तरी महाराष्ट्रात शिक्षण फी आणि परीक्षा फीची वेगळी सवलत आहे. त्या बाबूला तोंडी काही सांगू नको. अर्ज लिही, "मी शिष्यवृत्तीस पात्र आहे, मला आगाऊ फीशिवाय प्रवेश द्यावा, देत नसल्यास कारण लेखी द्यावं." दोन प्रती कर. एकीवर आवक क्रमांक घे. 'लेखी द्या' हे दोन शब्द म्हटले की खिडकीचा आवाज बदलतो.

आणि एक आपल्याच माणसांना सांगतो. पैसा खात्यात आला की फी भरायची. त्याचा मोबाईल घेतला, मोटारसायकलचा हप्ता भरला, तर तुझ्या मागच्या पोराला त्या खिडकीवर आगाऊ पैसे मागतात, आणि मग आपल्याला बोलायला तोंड राहत नाही.

दुसरी वाट केंद्रीय विद्यापीठांची. दिल्ली, हैदराबाद, बनारस, आणि आपल्या शेजारी वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ. इथं पदवीला मधलं कॉलेज, मधली संस्था, मधला आमदार लागत नाही. २०२२ पासून सगळ्यांना एक सामाईक परीक्षा आहे, सीयूईटी. तेरा भाषांत होते, त्यात मराठी आहे. पण फसगत कुठं होते ते ऐका. या परीक्षेचा अर्ज बारावीचा निकाल लागायच्या आधीच भरून होतो. आपली पोरं जूनमध्ये जागी होतात, तोवर ती गाडी निघून गेलेली असते. दुसरी फसगत म्हणजे परीक्षा दिली की झालं असं वाटते. ते तसं नाही. परीक्षेनंतर ज्या विद्यापीठात जायचं तिथं वेगळी नोंदणी करावी लागते. ती राहिली तर चांगले गुण घेऊन घरी बसावं लागते. आणि तिसरी, तिथं जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. महाराष्ट्राचा दाखला दाखवून भागत नाही. तो नमुना आधीच काढून ठेवा.

तिसरी वाट सीईटीची. इंजिनिअरिंग, फार्मसी, आणि अकोल्यात बसलेल्यांसाठी मुद्दाम सांगतो, शेतकी. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. आपल्या आयाबायांनी ज्या पिकात निंदण केलं त्याच पिकाचं शास्त्र तिथं शिकवतात. पण तिथं कुंपणाबाहेरून "मला घ्या" म्हणून अर्ज चालत नाही. राज्याची सीईटी द्यायची, आणि प्रवेश राज्याच्या एका यादीतून होतात. या वाटेवर अडवणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला वेगळा, वैधता वेगळी. जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे अर्ज करायचा, तो बारावी सायन्सला असतानाच, कॉलेजच्या पत्रासह. त्यासाठी आज्याचा कागद लागतो, १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आज्या शाळेत गेला नसेल तर कोतवालबुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधा. ज्यांना हजारो वर्षं शाळेत घेतलं नाही, त्यांनाच विचारतात आज्याचा शाळेचा दाखला कुठाय! विचारू द्या. चिडायचं, पण नोंद शोधून आणायची.

चौथी वाट, जिच्यानं मी गेलो, ती घरी बसून शिकायची. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ ला निघालं, अमरावतीत त्याचं विभागीय केंद्र आहे. जिनिंगात काम करणारी बाई, अकोट फैलातला हमाल, लग्न होऊन सासरी गेलेली पोरगी, यांच्यासाठी ही वाट खरी आहे. हिला कमी लेखू नका. पण हिच्याबद्दल मला पुढं आणखी बोलायचंय.

आधी नव्या मधल्या माणसाबद्दल बोलतो. तुम्ही म्हणाल, काका, तुमचा बाबू मेला. आता सगळं ऑनलाईन आहे. गॅझेटेड ऑफिसर गेला, २०१५ पासून महाराष्ट्रात आपली सही आपणच करायची, स्वयंसाक्षांकन. हे खरं. ही लहान गोष्ट नाही. ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं, त्याच्या सहीला किंमत आली. पण बाबू मेला नाही रे, त्यानं जागा बदलली. तो आता चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसला आहे.

एका बापाची गोष्ट सांगतो. पोरीला घेऊन तो फॉर्म भरायला दुकानात गेला. दुकानवाल्यानं विचारलं, मोबाईल नंबर? बाप म्हणाला, "माह्या फोनचा रिचार्ज संपला, तुमचाच टाका." दुकानवाल्यानं आपला नंबर टाकला, आपला ईमेल टाकला, पासवर्ड आपल्या वहीत लिहिला. पुढं यादी लागली, पोरीचं नाव लागलं, निरोप आला दुकानवाल्याच्या फोनवर. त्याच्याकडं असे शेकडो निरोप. तो माणूस वाईट नव्हता, त्यानं विसरून गेला. चार दिवसांची मुदत होती. पाचव्या दिवशी बाप विचारायला गेला. पोरगी आता कपड्याच्या दुकानात साड्या घड्या करते.

कोणावर केस करणार? बाबूनं पावती दिली नाही, दुकानवाल्यानं पासवर्ड दिला नाही. गोष्ट तीच. आपला कागद दुसऱ्याच्या हातात राहिला. म्हणून सांगतो, नंबर आपला टाका. घरात फोन नसेल तर मावशीचा टाका, शाखेतल्या पोराचा टाका, पण ज्याच्या दारात रात्री दहाला जाता येते त्याचाच टाका. पासवर्ड आपल्या वहीत. भरलेल्या फॉर्मची प्रत आपल्या थैलीत. कोणी तुमच्या फोनवरचा ओटीपी मागितला तर आधी विचारा, कशाचा? मूळ गुणपत्रिका, मूळ टी.सी. तपासायला दाखवा आणि परत घ्या. मूळ कागद अडकवून ठेवायचे नाहीत असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ सालीच सांगितलंय. आपल्या किती पोरांचे कागद फीसाठी कपाटात पडून आहेत ते विचारा एकमेकांना.

आणि फॉर्ममधला एक रकाना. धर्म आणि जात. दुकानवाला घाईत असतो, तो विचारतही नाही, 'हिंदू' टाकून पुढं जातो. आणि आपण पाहत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या आज्या-पणज्यानं दीक्षाभूमीवर जे केलं ते एका बोटानं पुसलं जाते, तीन सेकंदांत. दुसरीकडं असंही पोरगं आहे, जे अभिमानानं 'बौद्ध' लिहिते आणि जातीचा रकाना रिकामा सोडते, आणि सवलत जाते. याचा इतिहास समजून घ्या. धर्मांतर केलं म्हणून आपल्या सवलती गेल्या. महाराष्ट्रानं १९६० साली नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राच्या सवलतींना मात्र १९९० साल उजाडलं, तेव्हा कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींत धरलं. म्हणजे चौतीस वर्षं केंद्र सरकार आपल्याला सांगत होतं, माणूस व्हायचं असेल तर सवलत सोड. आज दोन्ही रकाने भरता येतात. धर्म बौद्ध. जात दाखल्यावर आहे ती, प्रवर्ग अनुसूचित जाती. यात लाज नाही आणि विसंगतीही नाही. जात आपण मानत नाही, पण जातीनं आपलं काय लुटलं त्याचं बिल आपण सादर करतो.

आता चौथ्या वाटेबद्दल राहिलेलं बोलतो. इथं तुमचं-माझं कदाचित जमणार नाही.

मी सरळ विद्यापीठाला अर्ज केला. बाबू बाजूला सारला. पदवी घेतली. हे सगळं खरं. पण बी.ए.ची सगळी वर्षं मी एकही तास ऐकला नाही. ग्रंथालयाचं कार्ड मला नव्हतं. वसतिगृह नव्हतं. ज्याच्याशी रात्रभर भांडावं असा एक मित्र मला त्या वर्षांत मिळाला नाही. कंदिलाखाली गाईड पाठ करून मी पास झालो. तुमच्यासारखी पोरं तेव्हा कॉलेजच्या आवारात नामांतरासाठी एकत्र येत होती, मार खात होती, तुरुंगात जात होती, नियतकालिकं काढत होती. मी परीक्षेपुरता त्या आवारात गेलो आणि बाहेर आलो. दाराला वळसा घालून मी पदवीपर्यंत पोचलो, पण घरात कधी राहिलो नाही.

म्हणून बाबासाहेबांचं ते म्हणणं पुन्हा ऐका. नुसती परीक्षा घेणारं विद्यापीठ त्यांना नको होतं. त्यांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, १९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढलं, जे पुढं मिलिंद झालं. बहिःस्थ परीक्षांची व्यवस्था लावून ते थांबू शकले असते. ते थांबले नाहीत. आपल्या पोरांनी वर्गात बसावं, वसतिगृहात राहावं, ग्रंथालयात रात्र काढावी, यासाठी त्यांनी विटा रचल्या. आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या आपल्या गाडगे बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्या दोघांनाही माहीत होतं, पोराला पुस्तकाबरोबर छप्पर लागते.

आज सरकारला चौथी वाट फार आवडायला लागली आहे. घरी शिका, मोबाईलवर शिका, जमेल तेवढं शिका. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर एक वर्ष शिकून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षं टिकलात तर ऑनर्स. ऐकायला छान आहे. पण पहिल्या वर्षाला कोणाची पोरं बाहेर पडतील? संस्थाचालकाची? ज्याला काल शिक्षण सोडलेला म्हणत होते, त्याला उद्या प्रमाणपत्रधारक म्हणतील आणि आकडा चांगला दिसेल. बाहेर जायची दारं चार केली. आत यायचं दार किती रुंद केलं, ते सांगा ना बाप्पा!

तेव्हा माझं म्हणणं असं. सरळ अर्ज करायची प्रत्येक वाट शिका. केंद्रीय विद्यापीठ असो, सीईटी असो, मुक्त विद्यापीठ असो, सगळीकडे आपल्या नावानं, आपल्या नंबरवर, आपल्या सहीनं अर्ज करा. पण पहिला हक्क वर्गातल्या बाकाचा. तो सोडून घरी बसायची सक्ती झाली तरच घरी बसा, आणि घरी बसलात तरी भांडण सोडू नका. बाबूला टाळून पदवी मिळत असेल तर घ्या. पण बाबूला टाळायचं म्हणून कॉलेजच सोडून दिलं, तर जिंकला कोण? तोच ना!

आपण नामांतरासाठी काय दिलं ते तुम्हाला माहीत आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ ला पाटी लागली. मध्ये साडेपंधरा वर्षं, जळालेली घरं, मेलेली माणसं. विद्यापीठाच्या पाटीसाठी एवढं देणारा समाज आहे हा. मग त्याच पाटीखालच्या खिडकीवर आपलं पोरगं एकटं का उभं राहते? तिथं आपली संघटना का नसते? जयंतीच्या डीजेला वस्ती वर्गणी देते. जूनमध्ये फॉर्मसाठी एक टेबल का लागत नाही?

टेबल म्हणजे काय लागते? विहारातला एक कोपरा. एक फोन, इंटरनेटवाला. दोन वह्या. पदवीला असलेली चार पोरं-पोरी, ज्यांनी हे सगळं स्वतः भोगलंय. एका वहीत वस्तीतल्या बारावीच्या प्रत्येक पोरापोरीचं नाव, कोणता फॉर्म, कोणती तारीख, काय अडलं. दुसऱ्या वहीत कोणत्या खिडकीवर कोणी काय सांगितलं, कोणत्या तारखेला. ही दुसरी वही फार महत्त्वाची. तीन वर्षं ती वही ठेवलीत तर तुमच्याकडं असा पुरावा जमेल, जो घेऊन कुलगुरूंकडे जाता येईल, समाजकल्याणच्या ऑफिसात जाता येईल, कोर्टात जाता येईल. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. कायदे कपाटात ठेवायला नाहीत. आणि टेबल जूनमध्ये लावू नका, जानेवारीत लावा. बारावीचा पेपर व्हायच्या आधी. दहावीवाल्यालाही बोलवा, त्याच्या आज्याचा कागद आत्तापासून शोधा.

इथं अकोल्यात आणि अमरावतीत बसलेले तुम्ही शहरातले आहात. तुमच्या हातात फोन आहे, तुम्हाला इंग्रजी वाचता येते. तुमचा मामेभाऊ दर्यापूरकडं, तेल्हाऱ्याकडं, मेळघाटाच्या पायथ्याला बसलाय, त्याला तारीख कोण सांगणार? कवितेत तुम्ही त्याच्यासाठी पेटता. जानेवारीत त्याला एक फोन करा.

शेवटी तू, थैलीवाल्या. उद्या सकाळी त्याच कॉलेजात जायचं. मी येतो, ही मागची दोन पोरं येतील. अर्ज रात्रीच लिहून ठेवू, दोन प्रतींत. आम्ही खिडकीच्या बाजूला उभे राहू, बोलायचं तू. बाबू काही म्हणो, तू एवढंच म्हण, "सर, घेतल्याची सही द्या." सही मिळाली की फोटो काढ, प्रत थैलीत टाक आणि वहीत तारीख लिही. नाही मिळाली तर तेही लिही. आपण तिथून सरळ तपोवनाकडं जाऊ, मोठ्या साहेबाकडे, तू म्हणतोस तसं. पण हातात कागद घेऊन जाऊ.

दहा वाजता खिडकी उघडते. आपण साडेनऊला.

जय भीम.